साहेब हँग झाले

आमच्या ऑफिसात फोन वाजला आणि तो उमाटे काकांनी उचलला, की पलीकडच्या माणसाचं काही खरं नसे.

"साहेब आहेत का?" पलीकडून कोणीतरी विचारी.

"हायेत, पण हँग झाले," काका शांतपणे सांगत. "सकाळपासून नुसते गोल गोल फिरून राह्यले. आता बंद करतो, थंडे होऊ देतो, मंग पाहू उठतात का."

काकांच्या लेखी साहेब म्हणजे त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर. आमच्या संस्थेचे खरे साहेब म्हणजे सचिव ढोले साहेब, पण त्यांना काका 'ढोले सर' म्हणत. बाहेरच्या लोकांना हा फरक कुठून कळणार? एकदा केळझरकडच्या एका हेडमास्तरांना काकांनी फोनवर सांगितलं, "साहेबायच्या मागून धूर निघाला जी, पंखा बंद पडला त्यायचा." हेडमास्तर बिचारे मिळेल त्या बसने शहाळं आणि ग्लुकोजचा डबा घेऊन वर्ध्याला आले. पाहतात तर ढोले साहेब कचोरीवर दही घालून खात बसलेले. साहेब इतके ठणठणीत पाहून हेडमास्तरांची थोडी निराशाच झाली. शहाळं शेवटी काकांनी प्यालं.

आमची संस्था जिल्ह्यात काही शाळा चालवते. ऑफिस बोरगाव मेघेच्या बाजूला आहे. ढोले साहेबांची छोटी केबिन आणि एक लांबट हॉल, त्यात तीन टेबलं आणि एक कूलर. एक टेबल माझं, एक उमाटे काकांचं आणि एक नगराळे मॅडमचं. कूलर कोणाचा, हा प्रश्न मी नोकरीला लागले तेव्हाही सुटलेला नव्हता आणि अजूनही सुटलेला नाही.

काका कॉम्प्युटरसमोर बसताना चप्पल काढत. फार वर्षांपूर्वी ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बसवणाऱ्याने सांगितलं होतं की याला धूळ चालत नाही, चप्पल बाहेर. तो माणूस गेला, तो कॉम्प्युटरही भंगारात गेला, पण काकांचे पाय अनवाणीच राहिले. सकाळी बटण दाबण्याआधी ते हात जोडत. बटण दाबल्यावर चहाला निघून जात, आणि कितीही घाईचं काम असलं तरी चहा संपल्याशिवाय परत येत नसत.

"उठल्या उठल्या कोनाले काम सांगू नाई," ते म्हणत. "तुमाले झोपेतून उठवून कोनी तक्ता बनवाले लावला तं तुमी बनवान काय?"

मध्ये एकदा कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, तर काकांनी कीबोर्डवरून कापराची आरती फिरवली. धुरामुळे नगराळे मॅडमला ठसका लागला आणि दोघांत तासभर जुंपली. व्हायरस गेला की नाही माहीत नाही, पण दोन दिवस ऑफिसात देवळासारखा वास येत होता.

नगराळे मॅडमबद्दल सांगायला हवं. त्या आमच्या आवक-जावक विभागात. कडक इस्त्रीची साडी, कडक इस्त्रीची भाषा. टायपिंग जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्या, त्यामुळे कीबोर्डही तसाच बडवत. पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांना शिंका येत. स्वतःच्या कामात कोणाची मदत घेतलेली त्यांना आयुष्यात चालली नव्हती. त्यांचं आणि उमाटे काकांचं रोज भांडण होई, तेही मला मध्ये घालून. कूलरवरून होई, खिडकीवरून होई, 'कि' की 'की' यावरून होई. बुद्धपौर्णिमेला त्या सगळ्यांसाठी खीर आणत. काकांची वाटी स्वतः देत नसत, माझ्या टेबलावर ठेवून म्हणत, "हे त्यांचं." आणि काका खीर चाटूनपुसून खाल्ल्यावर म्हणत, "वेलदोडा कमी हाय."

तर अशा आमच्या ऑफिसात गेल्या उन्हाळ्यात बातमी आली की सगळ्या कॉम्प्युटरांची सिस्टिम बदलणार. जुनी आता चालेनाशी झाली होती. ढोले साहेबांनी कोणाकडून तरी ऐकलं की लिनक्स नावाची एक सिस्टिम जुन्या कॉम्प्युटरवरही पळते. झालं. एके दिवशी कोमल नावाची इंजिनियर मुलगी स्कूटीवरून आली, तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला आणि काकांच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, "काका, हे सगळं आता बदलायचं."

"बदलाचं म्हंजे?"

"म्हणजे डबा हाच राहील. आतलं सगळं नवीन."

काकांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "म्हंजे शरीर तेच अन् जीव दुसरा?"

कोमलने क्षणभर विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "हो, तसंच म्हणा."

तिने आपल्या लॅपटॉपवर नव्या सिस्टिमचं चित्र दाखवलं. काकांनी चष्मा पुसला. "हे काय हाय? बदक?"

"पेंग्विन आहे काका. या सिस्टिमचं चिन्ह आहे."

"हे राह्यते कुठी?"

"बर्फात."

"अन् याले तुमी मे महिन्यात वर्ध्याले आनून राह्यल्या?"

बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर कूलरचं तोंड सरळ काकांच्या कॉम्प्युटरकडे वळवलेलं. नगराळे मॅडम घामाने भिजल्या आणि उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मायाताई, यांना सांगा, कूलर माणसांसाठी असतो."

"मायाताई, त्यायले सांगा," काका म्हणाले, "माणसायले सवय असते. पाहुण्याले नसते."

पाहुणा यायच्या आधी जुन्याला निरोप द्यायला हवा, असं काकांनी ठरवलं. संस्थेत कोणी निवृत्त झालं की सत्कार होतो, त्यासाठी एका कपाटात शाली आणि नारळ ठेवलेले असतात. काकांनी त्यातली एक शाल काढली, मॉनिटरला नीट दोन्ही खांद्यांवरून पांघरली. मॉनिटरला खांदे असतात हे मला त्या दिवशी कळलं. वर मोगऱ्याचा हार घातला. पुढे नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि आम्हाला खुर्च्या ओढून समोर बसवलं.

"साहेब कडक होते," काकांनी भाषण सुरू केलं. "पन मनात काही ठेवत नव्हते. आपन ठेवलेलंही कधी कधी ठेवत नव्हते. सुट्टी घ्याची झाली तं न सांगता घेत, पन घेतली म्हनून कधी पगार मागितला नाई. माझ्यासंग त्यायचं कधी वाजलं नाई. वाजलं ते एकदाच, तवा ठिनगी उडाली होती."

नगराळे मॅडम "थोतांड!" असं म्हणाल्या, पण उठून गेल्या नाहीत. एवढ्यात देवळीकडचे एक शिक्षक काही कामासाठी आत आले. हार पाहिला, उदबत्ती पाहिली, आमची तोंडं पाहिली. त्यांनी टोपी काढली, शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसले आणि हळूच काकांना विचारलं, "कधी झालं?"

"अजून व्हाचं हाय," काका म्हणाले. "तीन वाजता त्या मॅडम येनार, मंग."

शिक्षक घाईने उठले आणि काम न करताच निघून गेले.

तीन वाजता कोमल आली. जुनं गेलं, नवं आलं. काका तेवढा वेळ बाहेर कडुनिंबाखाली उभे राहिले. त्यांना पाहवलं नसतं म्हणाले.

आता काकांच्या फायलींची तऱ्हा अशी होती की त्यांना कोणतीही फाईल नावाने माहीत नव्हती. नावं त्यांनीच दिलेली, पण 'नवीन', 'नवीन खरं', 'नवीन खरं शेवटचं' आणि 'हे नाही' अशी. फायली ते जागेवरून ओळखत. उजव्या कोपऱ्यात रजेचे अर्ज, मधोमध परिपत्रकं, आणि डावीकडे खाली, इतरांपासून जरा दूर, ढोले साहेबांची भाषणं. नव्या सिस्टिमने सगळ्यांना नावानुसार रांगेत उभं केलं.

"अख्खं गाव उठवलं वो पोरी!" काका कोमलला म्हणाले. "इथं कोन कोनाच्या शेजारी राह्यत होतं, तुले काय मालूम? रजेच्या अर्जाशेजारी भाषन आनून ठेवलं. आता लोक भाषन वाचून रजा टाकतीन."

पण खरा गोंधळ अक्षरांनी केला. आमची जुनी मराठी पत्रं ज्या अक्षरांत टाइप केलेली होती, ती अक्षरंच नव्या सिस्टिमला ठाऊक नव्हती. पत्र उघडलं की आकडे, कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. कोमल म्हणाली, "काका, हे मी दुरुस्त करते, तोवर जुनं पत्र कोणाला पाठवू नका." काका हो म्हणाले. पण त्याआधीच त्यांनी एक पाठवलेलं होतं.

ते पत्र एका दूरच्या शाळेत गेलं. वरपासून खालपर्यंत एक शब्द वाचता येईल अशी सोय नव्हती. आठवडाभरात त्या शाळेचं उत्तर आलं. 'आपल्या पत्रातील सर्व सूचनांचे तंतोतंत पालन करण्यात आले असून तसा अहवाल सादर करण्यात येईल.'

"पाहा!" काकांना कोण आनंद झाला. "त्यानं वाचलं. तुमालेच येत नाई वाचता."

ढोले साहेबांनी दोन्ही पत्रं समोर ठेवली आणि बराच वेळ पाहत बसले. मूळ पत्रात काय लिहिलं होतं हे काकांना आठवत नव्हतं. त्या शाळेने नेमकं काय पालन केलं, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. संस्थेची इज्जत होती ना!

त्या दिवशी साहेबांचा पारा चढला तो उतरला नाही. त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. "बस हो गया! कोमल मॅडम रोज दुपारी शिकवतील. महिनाअखेर परीक्षा. ज्याला नवी सिस्टिम जमणार नाही, त्याची बदली आष्टीच्या शाळेत. तिथे अजून कॉम्प्युटर पोचलेला नाही, तिथे खुशाल हाताने लिहीत बसा."

आष्टी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. रोज जायचं म्हटलं तर अर्धा दिवस एस.टी.त जातो. मी हादरले. नगराळे मॅडमची निवृत्ती जवळ आली होती, आणि घरी त्यांचे मिस्टर गुडघ्यांनी अधू. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन त्यांना जेवायला वाढून त्या परत येत.

सगळ्यांनी एकच धरलं की आष्टीला जाणार ते उमाटे काकाच. शिकवणीच्या पहिल्या दिवसापासून काकांनी ती खात्री पक्की केली.

"कोमल मॅडम, हे जे सेव्ह केलं, ते जाते कुठी?"

"फोल्डरमध्ये, काका."

"फोल्डर कुठी राह्यते?"

"डिस्कवर."

"अन् डिस्क?"

"या डब्यात."

"मंग कोनी डबा उचलून नेला तं?"

"तर... सगळंच जाईल."

"मंग पुन्हा सांगा. पहिल्यापासून. हळू सांगा."

कोमल पुन्हा सांगे. आमच्या शाळांतले आणखी काही कारकून शिकवणीला येत, ते हसून हसून लोळत. एकदा फाईल शोधायची कशी हे काकांनी इतक्या वेळा विचारलं की मागे बसलेला एक जण म्हणाला, "काका, फाईलच आता तुमाले शोधत येईल." काका त्याच्याकडे वळून म्हणाले, "येऊ दे ना बाप्पा. पन तिले पत्ता तं मालूम पायजे. मॅडम, पत्ता पुन्हा एकदा सांगा." कोमलचा घसा बसला. ती गरम पाण्याची बाटली घेऊन येऊ लागली.

मला नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं. एरवी काकांनी जांभई दिली तरी टोकणाऱ्या नगराळे मॅडम, या सगळ्या काळात एकदाही काकांना काही बोलल्या नाहीत. मान खाली घालून बसत.

परीक्षा जवळ आली होती. एका दुपारी आम्ही मागच्या कडुनिंबाखाली डबे खात होतो. ऊन असं होतं की कावळेसुद्धा बसल्या जागी तोंड उघडून धापा टाकत होते. मॅडम त्या दिवशी घरी गेल्या असतील असं मी धरून चालले होते. काका डबा न खाताच कुठे तरी गेले होते. मला चष्मा हवा होता, तो आत टेबलावर राहिलेला. मी आणायला गेले तर हॉलच्या दारात काका, दोन्ही हात चौकटीला लावून, अनवाणी उभे.

"आत जाता येत नाई," काका म्हणाले.

"का?"

"साहेब अपडेट होऊन राह्यले."

"होऊ द्या ना. मला चष्मा घ्यायचाय."

"अपडेट होतानी कोनी पाह्यलं तं बुजतात. जा, जेवून या."

मी काही बोलणार तेवढ्यात मागून ढोले साहेब आले. घामाघूम, हातात गाडीची किल्ली. "उमाटे, बाजूला हो. कूलरपुढे बसू दे जरा."

"सर, आत नका जाऊ." काकांचा आवाज एकदम खाली गेला. "करंट उतरला हाय."

साहेब दोन पावलं मागे सरले. "कुठे?"

"फरशीत. सगळीकडे. पाय टाकला का झटका."

साहेबांनी फरशीकडे पाहिलं. मग काकांच्या पायांकडे पाहिलं. "अरे, पण तू तर अनवाणी उभा आहेस!"

"म्हनून तं मले समजलं," काका म्हणाले.

साहेब इलेक्ट्रिशियनला फोन लावत सावलीकडे गेले. काका दारातून हलले नाहीत. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायलासुद्धा त्यांनी हात खाली घेतला नाही.

मी मागच्या बाजूने गेले. कूलरच्या शेजारच्या खिडकीची फट उघडी असते, त्यातून आत पाहिलं. बाकी हॉल रिकामा होता. उमाटे काकांच्या खुर्चीवर नगराळे मॅडम बसल्या होत्या. त्यांची चप्पल टेबलाच्या बाजूला काढून ठेवलेली. माउसवर हात होता. ओठ हलत होते. "आधी इथे. मग खाली. मग नाव लिहायचं. मग इथे." बाण भलतीकडे गेला. त्यांनी डोळे मिटून घेतले, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "आधी इथे."

मी चष्मा न घेता परत गेले.

इलेक्ट्रिशियन आला तोवर सुट्टी संपली होती. त्याला काही सापडलं नाही. "उतरला तसा चढला असंल," काका म्हणाले आणि डबा उघडून एकटेच जेवायला बसले.

संध्याकाळी गाड्या लावतो त्या शेडमध्ये मी त्यांना गाठलं. "काका, आत करंट नव्हता."

त्यांनी स्कूटरला किक मारली. ती चालू झाली नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमी मॅडमचा कीबोर्ड आयकला का, मायाताई? सिस्टिम बदलल्यापासून?"

मी आठवून पाहिलं. खरंच, पत्र्यावरचा पाऊस थांबलेला होता. मला ते कळलंही नव्हतं.

"त्या बोटायनं काम करतात," काका म्हणाले. "न पाहता. आता सगळं डोयानं शोधा लागते, तं त्या घाबरल्या. त्या काही विचारनार नाई कोनाले. कापून टाकलं तरी नाई. म्हनून मी विचारतो. माझं काय जाते? मले तसंही निम्मं समजत नाई."

"निम्मं?"

"आता चार आनेच नाई समजत," काका म्हणाले. "मंग म्हटलं एकटीनं हात बसवू द्या. लोक पाह्यतात तं हात कापतो त्यायचा. मी काही शिकवत नाई बा, मले काय येते? मी फक्त दरवाजा धरतो."

"पण काका, तुम्हीच नापास झालात तर? आष्टीला जायची पाळी तुमच्यावर येईल."

"मी गेलो तं गेलो. स्कूटर हाय." त्यांनी पुन्हा किक मारली. स्कूटरने दाद दिली नाही. ते सीटवर बसून राहिले. "त्या गेल्या तं मी भांडू कोनासंग?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"बायको पुन्याले गेली. नातवाले सांभाळाले गेलती, आता नातू तिले सोडत नाई. चांगलं हाय. दिवाळीले येते. पन घरी भिंती हायेत फक्त. मी म्हटलं, आज लई गरम हाय, तं भिंत काय म्हनते? काहीच नाई म्हनत. अन् या म्हनतात, 'हवा गरम नाही, तुमचं डोकं गरम आहे.' निदान आयकलं तं त्यायनं!"

तिसऱ्या किकला स्कूटर चालू झाली. "तुमी कोनाले सांगजो नका," असं आवाजावरून ओरडून ते निघून गेले.

परीक्षा झाली. प्रत्येकाने एक पत्र टाइप करायचं, ते जपून ठेवायचं, बंद करायचं, पुन्हा शोधून काढायचं आणि साहेबांना पाठवायचं. नगराळे मॅडमने वेळ घेतला. मध्ये एकदा बाण भलतीकडे गेला तसा मी श्वास रोखला. त्या थांबल्या, डोळे मिटले, उघडले. आणि मग कीबोर्ड वाजायला लागला, तसाच, पत्र्यावरच्या पावसासारखा. ढोले साहेबांच्या कॉम्प्युटरवर पत्र पोचल्याची टिंग झाली. साहेब म्हणाले, "क्या बात है!" मॅडम म्हणाल्या, "तुमच्या प्रश्नपत्रिकेत 'दुरुस्ती' शब्द चुकला आहे."

काकांनी पत्र लिहिलं, जपलं, आणि ते कुठे गेलं हे त्यांना सापडेना. शोधता शोधता त्यांनी स्क्रीन उलटी केली. कोमलसुद्धा थक्क झाली, कारण ती कशी करतात हे तिलाही ठाऊक नव्हतं. शेवटी काकांनी मान वाकडी करून, उलट्या स्क्रीनवरून, पत्र शोधलं आणि पाठवलं. पोचलं. कोमलने साहेबांना सांगितलं, "काका पास. जेमतेम." आष्टीला कोणीच गेलं नाही.

त्या संध्याकाळी मॅडम पिशवी घेऊन निघाल्या आणि काकांच्या टेबलासमोर थांबल्या. मी माझ्या कपाटाला कुलूप लावत होते.

"इतका वेडगळ प्रश्न माणसाला एकदा पडू शकतो, उमाटे," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या काकांशी थेट बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. "रोज रोज पडत नाही. मला कळत नाही असं समजू नका."

काकांनी चप्पल शोधायला टेबलाखाली डोकं घातलं आणि तिथेच ठेवलं.

"संध्याकाळी जेवता काय?" मॅडमने विचारलं.

टेबलाखालूनच आवाज आला, "खिचडी."

"रोज?"

"रोज नाई. कधी नुसता भात."

मॅडमने पिशवीचा बंद नीट केला. "आमच्या घरी आज वांग्याची भाजी आणि भाकर आहे. आमचे मिस्टर दिवसभर टीव्हीशी भांडतात, त्यांनाही जरा माणूस मिळेल. आठ वाजता या."

काका टेबलाखालून बाहेर आले. केसांना जाळं लागलं होतं. "मी लई बोलतो, मॅडम."

"ते मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

साडेसातच्या सुमारास मी बाजारात भाजी घ्यायला गेले. फळांच्या एका गाडीपाशी उमाटे काका उभे होते. अंगावर धुतलेला पांढरा सदरा, ओले केस चापून बसवलेले, पायांत चक्क बूट. एक एक आंबा उचलून ते देठापाशी हुंगत होते, हलकेच दाबत होते, आणि परत ठेवत होते. गाडीवाला कंटाळून गेला होता.

"काका, घ्या ना आता कोनताही. सगळेच गोड हायेत. इतकं काऊन निवडून राह्यले? घरी पाहुणे येऊन राह्यले का?"

काकांच्या हातात एक पिवळाजर्द आंबा होता. तो त्यांनी बाकीच्यांत अलगद ठेवला.

"नाई बा," ते म्हणाले. "आज मी पाहुना हाय."